घरी बारा मायनिंग मशिनं: लाइट आल्यावर आपोआप उभं राहणारं नेटवर्क

बिटकॉइनच्या मायनिंगसाठी, म्हणजे मशिनांना सतत गणितं करायला लावून नवी नाणी कमावण्यासाठी, नेट हवंय म्हटलं की केबलवाला आधी स्पीड विचारतो. शंभर एमबीपीएस देऊ की तीनशे? मायनिंगला स्पीड जवळजवळ लागतच नाही. मशीन पूलकडून, म्हणजे अनेकांची मशिनं एकत्र जोडून कमाई वाटून देणाऱ्या सेवेकडून, काम घेतं आणि काही सेकंदांनी एखादं छोटंसं उत्तर पाठवतं. बारा मशिनांना मिळून एक एमबीपीएससुद्धा पुरून उरतो. घरात कुणी मोबाईलवर व्हिडिओ लावला तर तो याहून जास्त खातो. पण नेट सलग हवं. तुटलं तर कमाई तिथंच थांबते. आणि आपल्याकडे नेट तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण नेटमध्ये नसतंच, ते महावितरणच्या तारेत असतं. वळवाच्या पावसात तर दिवसातून चार वेळा लाइट जाते-येते.

म्हणून इथं सगळं एकाच कसोटीवर तोललं आहे. लाइट गेली, परत आली, आणि शेडमध्ये कुणीही पाऊल न टाकता बाराच्या बारा मशिनं पुन्हा कामाला लागली, तर नेटवर्क बरोबर बांधलं असं समजायचं.

हिशेबासाठी तासगाव तालुक्यातली एक वस्ती धरू. घरात फायबर आलेली आहे, घरामागे साठ मीटरवर जुनं बेदाण्याचं शेड आहे, आणि त्यात अँटमायनर एस-१९ वर्गातली बारा मशिनं लावायची आहेत. सातारा, कराड किंवा विश्रामबागसारख्या ठिकाणी बंगल्याच्याच मागच्या खोलीत मशिनं लावणार असाल, तर घर ते शेड हा भाग सोडून द्या. बाकी सगळं तसंच लागू पडतं.

वायर ओढण्याआधी

यातलं एक मशीन ३,२५० वॅट घेतं. बाराचे झाले ३९ किलोवॅट. म्हणजे थ्री-फेज जोडणी आणि त्याला पुरेसा मंजूर भार लागणारच. एक मशीन दिवसाला ७८ युनिट घेतं, बारा मिळून ९३६. तुमच्या वर्गवारीचा जो दर असेल त्याने या आकड्याला गुणून पाहा. उत्तर सोसण्यासारखं नसेल तर पुढची एकही वस्तू विकत घेऊ नका. एप्रिल २०२४ पासून बिटकॉइनच्या एका ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, मिळणारं बक्षीस निम्म्यावर, ३.१२५ बिटकॉइनवर आलं आहे. त्यामुळे स्वस्तात मिळणारी एस-९ सारखी जुनी मशिनं तेवढ्याच कामाला एस-१९ च्या जवळजवळ तिप्पट वीज खातात, हे लक्षात ठेवूनच सौदा करा.

शेतीपंपाच्या जोडणीवर मशिनं लावू नका. मंजूर कारण सोडून वेगळ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. त्या लाइनीचं भारनियमनही वेगळं असतं, म्हणजे मायनिंगच्या दृष्टीनेसुद्धा ती निरुपयोगीच. कराचंही आधीच समजून घ्या. क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च खरेदी किंमत म्हणून वजा होत नाही. सीएला विचारूनच हिशेब मांडा.

काय काय आणायचं

इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, तसाच राहू द्या, पण मशिनं थेट त्याला जोडू नका. त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावा. मायक्रोटिकचा हेक्स किंवा टीपी-लिंकचा ईआर-६०५ या वर्गातला वायरचा राउटर पुरे. कंपनीचा डबा बिघडला तर माणूस येऊन तो बदलून देतो, आणि त्यात तुम्ही भरलेली सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. स्वतःचा राउटर असेल तर डबा बदलला तरी मशिनांना त्याचा पत्ताही लागत नाही.

शेडमध्ये १६ पोर्टांचा एकच नेटवर्क स्विच घ्या, म्हणजे एका लाइनीवरचं नेट अनेक मशिनांना वाटणारा डबा. बारा मशिनं, एक घराकडे जाणारी लाइन, एक लॅपटॉपसाठी, दोन राखीव. पाच पोर्टांचे चार स्विच एकाला एक जोडत नेणं स्वस्त वाटतं, पण पहिला बंद पडला की मागचे सगळे अडकतात आणि नेमका कोणता गेला हे शोधण्यात दुपार जाते. मशिनांचं पोर्ट शंभर एमबीपीएसवर चालतं, त्यामुळे गिगाबिट स्विचचा फायदा काही नाही, तोटाही नाही. धातूच्या पेटीतला घ्या. थोडे पैसे जास्त घालता आले तर ज्यात लूप ओळखण्याची सोय आहे असा ‘स्मार्ट’ स्विच घ्या. साफसफाईत कुणी एका वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली तर साध्या स्विचवर सगळं नेटवर्क क्षणात गुदमरतं, आणि दिवे तर सगळे लुकलुकत असतात, त्यामुळे संशयही येत नाही.

स्विचची जागा मशिनांच्या गार हवेच्या बाजूला, फॅन जिकडून हवा ओढतात तिकडे. घरगुती स्विच बहुतेक ४० अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेले असतात. एप्रिल-मे मध्ये तासगाव-जतकडे बाहेरचंच तापमान चाळिशीला टेकतं. मशिनांच्या मागे गरम झोतात स्विच टांगला तर तो उन्हाळा काढणार नाही.

केबल आणि क्रिम्पिंग

दुकानात कॅट-६ गळ्यात मारतील. या कामाला शुद्ध तांब्याची कॅट-५ई उत्तम चालते आणि क्रिम्प करायलाही, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवायलाही, सोपी जाते. जास्तीचे पैसे तांब्यावर घाला, आकड्यावर नाही. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेला वरून तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर परत करा. अशी तार क्रिम्पच्या जागी ठिसूळ होते आणि मशिनाच्या फॅनच्या थरथरीने काही महिन्यांत आतल्या आत तुटते. बाहेरून प्लग ठाकठीक दिसतो, मशीन मात्र दिवसातून दहादा गायब होतं.

बारा मशिनांना सरासरी ६ मीटर धरले तर ७२ मीटर होतात. प्रत्येकाला मीटरभर सैल धरून ९० ते १०० मीटर आणा. मीटरवर मिळते, ३०५ मीटरचा अख्खा खोका घ्यायची गरज नाही. प्लग २४ लागतील, पण ३५ आणा. हात बसेपर्यंत काही वाया जातातच.

केबलची बाहेरची साल अडीच सेंटिमीटर काढा. जोड्यांचा पीळ सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. प्लगची खिट्टी पलीकडे आणि वायर खालून आत जाईल असा धरला की डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सगळ्या तारा एका पातळीत कापा, प्लगच्या टोकाला भिडेपर्यंत सारा, आणि बाहेरची साल प्लगच्या आत गेली आहे हे पाहूनच दाबा. साल बाहेर राहिली तर सगळा ताण त्या बारीक तारांवर येतो.

इथं एक चूक फार सर्रास होते. निळी जोडी मध्ये फोडून टाकायची हे डोळ्याला विचित्र दिसतं, म्हणून काही जण जोडीमागे जोडी सरळ लावतात: नारिंगी, निळी, हिरवी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच केलं तर आठ दिव्यांच्या साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि केबल ‘पास’ होते. पण पिन ३ आणि ६ वरून जाणारा सिग्नल आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांवर पडलेला असतो. पिळामुळे मिळणारं संरक्षण गेलं. दोन मीटरवर चालतं, आठ मीटरवर विजेच्या वायरीशेजारून गेलं की तुटायला लागतं. म्हणून टेस्टरवर विसंबू नका, प्लग उजेडात धरून रंग डोळ्यांनी तपासा.

नेटची केबल विजेच्या केबलपासून फूटभर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहा. कोणता, ते पुढे येतंच.

घर ते शेड

साठ मीटर म्हणजे तांब्याच्या केबलच्या १०० मीटरच्या मर्यादेत बसतं, आणि म्हणूनच बहुतेक जण कॅट-६ ची एक लाइन ओढून मोकळे होतात. असं करू नका. घराचं अर्थिंग वेगळं, शेडचं वेगळं. जवळपास वीज पडली की दोन्ही अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड फरक तयार होतो आणि तो भागवायला नेटच्या केबलमधली तांब्याची तार आयतीच सापडते. एका टोकाला राउटर जातो, दुसऱ्या टोकाला स्विच, आणि कधी कधी स्विचमधून मशिनांचे कंट्रोल बोर्डसुद्धा. वळीव हा आपल्याकडे विजांचाच पाऊस. इथं फायबरच हवी, ती वीज वाहून नेत नाही.

दोन किंवा चार कोअरची सिंगल-मोड ड्रॉप केबल घ्या, आत एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) काड्या असलेली, म्हणजे धातूच नसलेली. वर लोखंडी तार जोडलेली केबल मिळाली तर ती तार दोन्ही बाजूंना बाहेरच तोडून टाका, आत आणू नका. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसतात, म्हणजे फायबरमधला प्रकाश आणि तांब्याच्या केबलमधला सिग्नल यांची अदलाबदल करणारे डबे. हे जोडीने घ्यायचे असतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा नेमका उलट. दोन्ही एकाच प्रकारचे आणले तर फायबर कितीही चांगली असो, लिंकचा दिवा लागणार नाही. स्प्लायसिंग, म्हणजे फायबरला टोकं जोडण्याचं काम, तुमच्या भागातला केबलवालाच करून देईल. चार कोअर असतील तर चारही करून घ्या, तीन राखीव राहतात.

फायबर जमिनीतून एचडीपीई पाइपात घालून न्या. ठिबकची जुनी नळी पडलेली असेल तर तीही चालते, फक्त कनेक्टर तिच्यातून जात नाही, आधी केबल ओवायची आणि मग टोकं बसवायची. वळणावर तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गोलाई करू नका. आणि उसाच्या बांधावरून उघडी नेऊ नका. तोड झाल्यावर पाचट पेटवलं की केबल वितळते, आणि पेटवणाऱ्याला ती तिथं आहे हे माहीतही नसतं.

बेदाण्याच्या शेडला हवा भरपूर मिळते, मायनिंगला ही जागा चांगलीच. पण त्याच शेडमध्ये किंवा शेजारी अजून बेदाणा करत असाल, तर गंधकाची धुरी देताना मशिनं तिथं नकोत. गंधकाचा धूर आणि ओल मिळून आम्ल तयार होतं, ते प्लगच्या पिना आणि बोर्डावरचं तांबं खातं. हळद पॉलिशची धूळ, कोंबड्यांची पिसं, भुसा यांचंही तेच. स्विच आणि कन्व्हर्टर बारीक जाळी लावलेल्या पेटीत ठेवा, रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या घाला. उबेला पाली आणि मुंग्या येतात. पाल बोर्डावर चिकटून शॉर्ट झालेला कन्व्हर्टर ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

नदीकाठच्यांनी उंचीचा विचार सगळ्यात आधी करावा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागात तळमजल्यावर मशिनं ठेवण्यात अर्थ नाही. पाटण, महाबळेश्वरकडच्यांना पुराची नाही तर ओलीची चिंता. चालू मशीन स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं, बंद पडून राहिलेलं ओल धरतं. पावसाळ्यात काही दिवस बंद ठेवलेली मशिनं सुरू करण्याआधी नुसत्या पंख्याने नीट सुकवून घ्या.

पत्ते देताना फेज लक्षात ठेवा

मशिनांसाठी घरापेक्षा वेगळी आयपी पत्त्यांची (नेटवर्कमधल्या क्रमांकांची) ओळ ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.० आणि मास्क २५५.२५५.२५५.०. कंपनीचा डबा बहुधा १९२.१६८.१ किंवा २९ या ओळीत असतो. तीच ओळ आपल्या राउटरवर पुन्हा वापरली तर दोघांत गोंधळ होऊन नेटच मिळत नाही.

आता पत्ते वाटण्याची रीत. बारा मशिनं तीन फेजांवर चार-चार वाटलेली असणार. आर फेजवरच्यांना शेवटचा आकडा ११ ते १४ द्या, वाय फेजवरच्यांना २१ ते २४, बी फेजवरच्यांना ३१ ते ३४. मोबाईलवर पूलच्या यादीत २१ ते २४ ही चारच एकदम लाल झाली तर नेटवाल्याला फोन करायचं कारण नाही. वाय फेज गेला आहे, वायरमनला बोलवा. ११, २३ आणि ३२ अशी विखुरलेली गेली तर फेजचा संबंध नाही. हाच आकडा केबलच्या दोन्ही टोकांवर, मशिनाच्या अंगावर, स्विचच्या पोर्टावर, आणि पूलमध्ये खात्याच्या नावापुढे टिंब देऊन वर्करचं, म्हणजे त्या मशिनाचं, नाव म्हणून लिहा. सगळीकडे एकच आकडा असला की शेडमध्ये असलेल्या माणसाला फोनवर ‘तेवीस बंद कर’ एवढंच सांगून भागतं.

पत्ता मशिनात जाऊन पक्का करू नका, राउटरमध्ये मॅक पत्त्याला, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या कायमच्या ओळख क्रमांकाला, बांधा. मशिनात पक्का केलेला पत्ता फर्मवेअर (मशिनाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) रिसेट झालं की उडतो, आणि कंट्रोल बोर्ड दुसऱ्या मशिनात टाकला की त्याच्याबरोबर जाऊन दुसऱ्याशी टक्कर घेतो. काम एकेकाचं करा: एकच मशीन सुरू करायचं, राउटरच्या डीएचसीपी यादीत, म्हणजे त्याने वाटलेल्या पत्त्यांच्या यादीत, नवी ओळ दिसली की तिला ११ द्यायचा, चिठ्ठी चिकटवायची, मग पुढचं. बारा एकदम सुरू करून नंतर कोण कोणतं हे शोधत बसलात तर दुप्पट वेळ जातो. मशिनावरच्या स्टिकरवरचा मॅक खरा धरू नका. जुन्या बाजारातल्या मशिनांत बोर्ड बदललेला असतो, आणि एकाच एसडी कार्डवरून भरलेल्या दोन बोर्डांचा मॅक कधी कधी सारखाच निघतो. तसं झालं तर दोन्ही मशिनं आळीपाळीने दिसतात आणि गायब होतात. एकाला नवा बोर्ड किंवा नीट फर्मवेअर, एवढाच त्यावर उपाय.

लीजची, म्हणजे एकदा दिलेला पत्ता मशिनाकडे राहण्याची, मुदत एक दिवस करा. काही राउटरांत ती मूळची दहाच मिनिटांची असते. डीएनएससाठी, म्हणजे नावावरून नेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेसाठी, राउटरमध्ये १.१.१.१ आणि ८.८.८.८ दोन्ही भरा. नेट चालू आहे पण डीएनएस बंद, अशा वेळी पूलचं नाव सापडत नाही आणि सगळी मशिनं एकदम थांबतात. सगळं झालं की राउटरचा बॅकअप काढून मोबाईलमध्ये ठेवा.

प्रत्येक मशिनात पूलच्या तीन जागा असतात. पहिल्या दोन जागी एकाच पूलचे दोन वेगळे पत्ते भरा, शक्यतो आशियातल्या सर्व्हरचे, आणि तिसऱ्या जागी वेगळाच पूल.

मशिनांना घरापासून वेगळं ठेवा

मायनिंगला बाहेरून आत येणारी वाट अजिबात लागत नाही. मशीन स्वतःच बाहेर जातं. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्यांसाठी राउटरमध्ये दार उघडणं, कधीच करू नका, आणि कंपनीने सीजीनॅटवर (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटून) ठेवलं असेल तर त्याची काळजीही करू नका. मशिनांची ओळ ही वेगळी व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवरचं स्वतंत्र नेटवर्क, करा किंवा राउटरचं एक पोर्ट फक्त शेडसाठी ठेवा. नियम तीन: घरातून शेडकडे जाता येईल, शेडमधून घराकडे येता येणार नाही, आणि शेडमधून बाहेर फक्त डीएनएस, घड्याळाची वेळ जुळवण्यासाठी यूडीपी १२३ हे पोर्ट आणि तुमच्या पूलचं पोर्ट, बहुधा ३३३३ किंवा ४४३.

हा शेवटचा नियम अतिरेकी वाटेल, पण त्याला इतिहास आहे. एप्रिल २०१७ मध्ये अँटमायनरच्या फर्मवेअरमध्ये असा कोड सापडला होता, जो थोड्या थोड्या वेळाने एका ठरावीक सर्व्हरला विचारणा करायचा आणि उत्तर पाहून मशीन थांबवू शकायचा. ‘अँटब्लीड’ नावाने ते प्रकरण गाजलं आणि अँटमायनर बनवणाऱ्या बिटमेनने नंतर तो कोड काढला. जुन्या बाजारातल्या मशिनात आज काय आहे हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. अशा मशिनावर नेटवर्कला जोडण्याआधीच कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं फर्मवेअर एसडी कार्डने भरा. मग रूट-रूट हा मूळचा पासवर्ड बदला, बाराही मशिनांवर. मशिनातल्या पूल-सेटिंगच्या पानावर खातं तुमचंच आहे ना, हे महिन्यातून एकदा उघडून पाहा. पूलचं खातं बदलून कमाई वळवणाऱ्या व्हायरसमध्ये मशीन नेहमीसारखंच गरगरत असतं.

बाहेरगावाहून पाहायचं असेल तर राउटरवर वायरगार्ड, म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित खासगी वाट (व्हीपीएन), लावा. सीजीनॅट असेल तर घरातल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर तशीच वाट देणारं टेलस्केल टाका.

लाइट आल्यावर काय होतं

आता मूळ कसोटी. लाइट आली की स्विच काही सेकंदांत जागा होतो, मशिनं मिनिटा-दोन मिनिटांत पत्ता मागायला लागतात, आणि फायबरचा डबा मात्र दोन-तीन मिनिटं घेतो. ज्या फर्मवेअरमध्ये पुन्हा पुन्हा मागण्याची चिकाटी नसते, ती मशिनं पत्ता न मिळाल्याने तशीच बसून राहतात आणि कुणीतरी जाऊन बंद-चालू करेपर्यंत उठत नाहीत. म्हणून ओएनटी आणि राउटर लाइट गेल्यावर बंदच पडता कामा नयेत.

घरी इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्याच्या लाइनीवर घ्या. दोघे मिळून २० वॅटही घेत नाहीत, मोठ्या बॅटरीला ते जाणवतही नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडची कळ असते, ती त्याच मोडवर हवी. दुसऱ्या मोडमध्ये बदलाला लागणाऱ्या वेळेत पंखा-दिवा कळत नाही, राउटर मात्र रीबूट होतो. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या.

शेडमधल्या स्विचला आणि कन्व्हर्टरला बॅकअप देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मशिनंच बंद असताना स्विच चालू ठेवून काय मिळवायचं? काही स्वस्त यूपीएस बॅटरी पूर्ण संपली की लाइट आल्यावर स्वतःहून सुरू होत नाहीत, कुणीतरी बटण दाबावं लागतं. तसला यूपीएस मध्ये असेल तर लाइट आली, मशिनं आली, आणि नेटवर्क झोपलेलं. बॅकअप नसला की आणखी एक फायदा: स्मार्ट स्विच असेल तर घरून त्याला पिंग (‘आहेस का’ अशी नेटवर्कवरची हाक) जात नाही म्हणजे बहुधा शेडात लाइट नाही, हे बसल्या जागी कळतं. अशा स्विचवर मात्र मशिनांची पोर्टं ‘एज’ म्हणून नोंदवा, नाहीतर लूप शोधणाऱ्या एसटीपीच्या तपासणीत प्रत्येक पोर्ट अर्धा मिनिट अडून राहतं.

दुसरा भाग विजेचा. आपल्याकडे लाइट येताना सरळ येत नाही. दोन-तीन झटके देते, मग टिकते. बारा मशिनं एकदम ओढ घ्यायला लागली तर व्होल्टेज बसतं, आणि २०० च्या खाली गेलं की मशिनाचा पॉवर सप्लाय चालत नाही. वायरमनकडून चार कॉन्टॅक्टर (मोठा भार आपोआप जोडणारे-तोडणारे स्विच) आणि लाइट आल्यावर ठरावीक वेळ थांबून ते चालू करणारे चार ऑन-डिले टायमर बसवून घ्या. पहिला गट ३ मिनिटांनी, दुसरा ४, तिसरा ५, चौथा ६ मिनिटांनी. पहिल्या गटात ११, २१, ३१. दुसऱ्यात १२, २२, ३२, याप्रमाणे, म्हणजे दर टप्प्याला तिन्ही फेजांवर सारखाच भार चढतो. सुरुवातीची तीन मिनिटं झटके गाळतात आणि केबलवाल्याचा नोड बंद पडला असेल तर त्यालाही उठायला उसंत देतात. न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकतं, म्हणून व्होल्टेज जास्त-कमी झाल्यावर तोडणारा रिले याच पॅनेलमध्ये हवा. तो टाळू नका.

मग चाचणी. भर दुपारी मेन स्विच पाडा, दहा मिनिटं थांबा, परत चढवा, आणि हात न लावता मोबाईलवर बारा हिरवे होतात का ते पाहा. नंतर मेन तीन वेळा झटपट पाडून-चढवून पुन्हा तेच. ही दुसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत आणि पहिल्या वळवात फसतात.

दुसरं नेट

रस्त्याच्या कामात फायबर तुटली तर दोन दिवस जाऊ शकतात. सिमवर चालणारा ४जी राउटर आपल्या राउटरच्या दुसऱ्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या पोर्टाला, लावून ठेवा. मायनिंगचा डेटा इतका कमी आहे की रोज १.५ जीबीचं साधं रिचार्ज बारा मशिनांना पुरतं, फक्त घरातले मोबाईल त्या लाइनीवर जाऊ देऊ नका.

लाइन बदलण्याचा निर्णय राउटरने कशावर घ्यावा, इथं चूक होते. बहुतेक जण समोरच्या डब्याला पिंग लावतात. फायबर गावाबाहेर तुटली तरी डबा तुमच्या घरात चालूच असतो, पिंगला उत्तर देतो, आणि राउटर बदलतच नाही. पिंग दूरच्या पत्त्याला लावा, ८.८.८.८ किंवा तत्सम, आणि तो मुख्य लाइनीतूनच जाईल असं बांधा. बदल झाल्यावर जुनी कनेक्शनं मेलेली असतात. मशीन ती सोडून नवी धरेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं जातात. लगेच रीबूट करायला धावू नका. लाइट फार वेळ गेली तर मोबाईल टॉवरची बॅटरीही संपते, त्यामुळे या जोडणीवर अख्ख्या रात्रीचा भरवसा नको.

बिघाड शोधताना

आधी किती मशिनं गेली ते मोजा. सगळी गेली आणि (स्मार्ट) स्विचला पिंग जातो, तर राउटर, डीएनएस किंवा बाहेरचं नेट. सगळी गेली आणि स्विचही नाही, तर शेडातली लाइट किंवा फायबर. एका फेजच्या आकड्यांतली चारही, म्हणजे २१ ते २४ सारखी, गेली तर फेज. एका टप्प्यातली तीन गेली, म्हणजे १३, २३, ३३ सारखी, तर त्या गटाचा कॉन्टॅक्टर किंवा टायमर. एकच गेलं तर त्याची केबल, आणि केबल चांगल्या मशिनाला लावून चालली तर मग बोर्ड.

पोर्टाचा दिवाच लागत नसेल तर क्रिम्प पुन्हा करा. दिवा आहे पण पत्ता नाही, तर राउटरच्या यादीत तो मॅक दिसतो का पाहा. पत्ता आहे पण पूल ‘डेड’ दाखवतो, आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तोच पूल चालतो, तर इंटरनेट कंपनीकडून ते पोर्ट किंवा नाव अडवलं जातंय. पूलचं ४४३ चं पोर्ट भरून पाहा आणि राउटरच्या नियमात तेही उघडा.

मशिनाच्या पानावर हॅशरेट (गणितं करण्याचा वेग) पूर्ण, पूलवर कमी, असा प्रकार सगळ्यात जास्त काळ लपून राहतो, कारण काहीच बंद नसतं. पूलने नाकारलेली (रिजेक्ट) आणि उशिरा पोचलेली (स्टेल) उत्तरं मिळून एक टक्क्याच्या आत असतील तर ठीक. त्याहून बरेच वर गेले तर शेडातून राउटरला हजार पिंग सोडा. एकही हरवता कामा नये. हरवत असतील तर घर-शेड लाइनीत दोष आहे, बहुतेक वेळा कनेक्टरच्या टोकावरची धूळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवा. एकही हरवला नाही, पण राउटरवरून ८.८.८.८ ला सोडलेले हरवतात, तर तो आकडा लिहून केबलवाल्याला दाखवा.